एकमेकांना ऐकणारे वादक : २०२३ मधील माझे आवडते अल्बम

कामानिमित्त मला आठवड्यातून दोन दिवस नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जावे लागते आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतावे लागते. इगतपुरी सुटल्यानंतर कसारा घाटातील बोगद्यांमध्ये मोबाइलचे नेटवर्क टिकत नाही, त्यामुळे जे ऐकायचे ते आदल्या रात्रीच उतरवून ठेवण्याची सवय मला लागली आहे. या सवयीचा एक लाभ असा झाला की, एकेक गाणे निवडत बसण्याऐवजी मी संपूर्ण अल्बम, कलाकारांनी लावलेल्या क्रमाने, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकू लागलो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अल्बमांपैकी जे मी असे अनेकदा ऐकले आणि घरी येऊन पुन्हा ऐकावेसे वाटले, त्यांच्याविषयी येथे लिहीत आहे. ही निवड डिसेंबरमध्येच झाली होती. त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२४ रोजी ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले आणि त्यांतील दोन अल्बमांना सन्मान मिळाला. त्याचा आनंद झाला, परंतु त्यामुळे माझ्या पसंतीचा क्रम बदललेला नाही.

निवडीचा निकष आधी सांगतो. निरनिराळ्या परंपरांतील कलाकार एकत्र आले की त्याला आपल्याकडे सरसकट फ्यूजन म्हटले जाते आणि बहुतेक वेळा त्यात प्रत्येक जण आपापली तयारी दाखवून बाजूला होतो. सवाल-जवाब रंगतात, टाळ्या पडतात, पण वाजवताना एकाने दुसऱ्याचे काही ऐकले होते का, असा प्रश्न पडतो. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात शास्त्रीय संगीताच्या मैफली ऐकत वाढलेल्या आम्हा श्रोत्यांना साथसंगत या शब्दाचा अर्थ निराळा शिकवला गेला आहे. गायकाने एखादी जागा घेतली की तबलजीने ती ओळखावी, संवादिनीने तिच्या मागून हळूच जावे आणि गायकानेही त्यांना वाट द्यावी, ही आमची अपेक्षा असते. याच अपेक्षेने मी हे अल्बम ऐकले.

माझ्या यादीत सर्वांत वर आहे ‘अ‍ॅज वी स्पीक’. बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मेयर यांचा डबल बास, झाकीर हुसेन यांचा तबला आणि राकेश चौरसिया यांची बासरी अशी ही चौकडी असून हा अल्बम मे २०२३ मध्ये आला. यांपैकी पहिले तिघे नवे सोबती नाहीत. नॅशव्हिल येथील नव्या सिंफनी सभागृहाच्या २००६ मधील उद्घाटनासाठी त्यांनी तिघांच्या वाद्यांसाठी एक कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने वाजवायची रचना, रचला होता आणि तो २००९ मध्ये डेट्रॉइट सिंफनी ऑर्केस्ट्रासह ‘द मेलडी ऑफ ऱ्हिदम’ या अल्बममध्ये ध्वनिमुद्रित झाला. तेव्हा त्यांच्यामागे पूर्ण वाद्यवृंद होता. या वेळी वाद्यवृंद नाही आणि चौथी जागा बासरीला मिळाली आहे. माझ्या मते या अल्बमचे सारे सौंदर्य या एका बदलात आहे.

बँजो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाच्या वरातीतील आणि गणपतीच्या मिरवणुकीतील बेंजो पार्टी येते. ते वाद्य वेगळे. फ्लेक वाजवतात तो अमेरिकन बँजो पाच तारांचा असतो आणि त्याच्या तारा एका ताणलेल्या पडद्यावर टेकलेल्या असतात. सरोदच्या तारांखालीही कातडे असते, हे लक्षात घेतले तर या वाद्याचा आवाज आपल्या कानाला इतका परका का वाटत नाही, ते कळते. बँजोचा सूर छेडल्याबरोबर चमकतो आणि लगेच विरतो, त्याला सरोदसारखी लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, पेलत नाही. बासरीचे नेमके उलट आहे. तिचा सूर श्वास पुरेल तोवर टिकतो आणि हवा तसा वाकतो. राकेश चौरसिया हे पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचे पुतणे आणि शिष्य असून त्या घराचा भरीव, मोकळा फुंकीचा आवाज त्यांच्याकडे आहेच; पण येथे ते तो आवाज पुष्कळदा आवरून धरतात. बँजोच्या विरणाऱ्या सुराखाली ते आपला सूर अलगद ठेवतात आणि ऐकणाऱ्याला क्षणभर असे वाटते की बँजोचाच सूर लांबला. स्वतःचे वादन लपवून दुसऱ्याचे वाद्य मोठे करण्याचे हे औदार्य मला फार महत्त्वाचे वाटते.

मेयर यांच्या डबल बासविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकणाऱ्याला ते वाद्य जवळजवळ ऐकूच येणार नाही. चांगल्या हेडफोनवर, किंवा घरी जरा मोठ्या स्पीकरवर, ऐकले तरच कळते की तानपुऱ्याच्या खर्जाने जे काम करावे ते हे वाद्य येथे करते, आणि मध्येच तारांवर घासायचा गज घेऊन वर चढते व सारंगीच्या टापूत जाऊन गाऊ लागते. एवढ्या अवजड वाद्यावर इतके शुद्ध स्वर लावणे अवघड असते. त्या वेळी झाकीर हुसेन डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या डाव्या अंगावर, घुमारा असा वळवतात की बास आणि डग्गा यांत कोण कोणाला साथ करीत आहे, हे सांगता येऊ नये. ‘पश्तो’ ही या अल्बममधील सर्वांत गाजलेली रचना. तिला स्वतंत्र ग्रॅमीही मिळाले. तबला शिकणाऱ्यांना पश्तो हे सात मात्रांच्या तालाचे नाव म्हणून ठाऊक असते. रचना अत्यंत आकर्षक आहे, बासरी आणि बँजो जोडीने धावतात तेव्हा अंगावर काटा येतो, परंतु माझे मन अधिक रमले ते संथ रचनांत. वेगात चौघेही थोर आहेत हे आधीच माहीत होते. संथ लयीत ते एकमेकांसाठी किती जागा सोडतात, हे मला या अल्बमने दाखवले.

‘धिस मोमेंट’ हा शक्ती या समूहाचा अल्बम जून २०२३ च्या अखेरीस आला. जॉन मॅक्लॉक्लिन यांची गिटार, झाकीर हुसेन यांचा तबला, शंकर महादेवन यांचे गायन, गणेश राजगोपालन यांचे व्हायोलिन आणि सेल्वागणेश यांची डफासारखी छोटी कंजिरा. या समूहाने १९७७ नंतर तब्बल ४६ वर्षांनी स्टुडिओत केलेला हा पहिला अल्बम असल्यामुळे त्याची वाट आम्ही फार आतुरतेने पाहिली होती. सेल्वागणेश हे मूळ समूहातील घटमवादक विक्कू विनायकराम यांचे पुत्र आहेत, म्हणजे एका घरातील दुसरी पिढी येथे त्या जागी बसली आहे. पहिली रचना, ‘श्रीनीज ड्रीम’, ही २०१४ मध्ये अकाली गेलेले मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्या स्मरणार्थ आहे. ज्यांनी श्रीनिवास यांना या समूहात ऐकले आहे, त्यांना ती ऐकताना गलबलून येते.

तरीही या अल्बमला मी दुसऱ्या स्थानावर ठेवतो आणि त्याचे कारण स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. ध्वनिमुद्रण इतके भरगच्च आणि इतके गुळगुळीत आहे की कान टेकवायला मोकळी जागा फारशी मिळत नाही. ‘गिरिराज सुधा’ हे उदाहरण घ्यावे. त्यागराजांच्या गणेशस्तुतीवर आधारलेली ही रचना याच समूहाच्या ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ या २००१ मधील अल्बमवरही आहे आणि तेथेही शंकर महादेवनच गायले आहेत. मुंबईच्या त्या मैफलीतील रचनेत श्रोत्यांचा श्वास ऐकू येतो, गायक क्षणभर थांबतो, वादक त्याच्याकडे पाहत असावेत असे वाटते. नव्या रचनेत स्वर अधिक नेमके आहेत, गायन अधिक पक्व आहे, पण ते थांबणे नाही. याउलट ‘मोहनम’ मला अतिशय आवडली. कर्नाटक परंपरेतील मोहनम म्हणजे आपल्याकडच्या भूपाचे पाच स्वर, आणि मध्यम-निषाद वर्ज्य असलेल्या या साध्या चौकटीत पाचही जण आपोआप शांत होतात. सकाळी घोटीच्या पुढे डोंगरांवर धुके असताना ही रचना मी कितीदा ऐकली असेल, त्याची गणती नाही. तबला आणि कंजिरा यांच्यातील जोड तर सर्वत्रच ऐकण्यासारखी आहे: हाताच्या पंजात मावेल एवढे ते छोटे वाद्य डग्ग्यासारखा घुमारा देते आणि झाकीरभाई त्याला पुढे जाऊ देतात.

मराठीतून एकच अल्बम घेतो, ‘महाराष्ट्र शाहीर’. चित्रपटाच्या गीतांचा संच प्रसंगांनुसार बांधलेला असतो, त्यामुळे वरच्या निकषाने त्याला मोजणे योग्य ठरणार नाही. परंतु अजय-अतुल यांनी शाहिरी ढंग आणि भरदार वाद्यवृंद यांची जी सांगड घातली आहे, ती कानाला खोटी वाटत नाही. ‘बहरला हा मधुमास’ हे गाणे त्या वर्षी गावोगावी वाजले. ज्यांच्यावर हा चित्रपट आहे त्या शाहीर साबळे यांनी गायलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताला राज्यगीताचा दर्जाही त्याच वर्षी, २०२३ मध्ये मिळाला, हा योग सुखद होता.

आता ज्या अल्बमने मला सर्वाधिक दिवस गुंतवून ठेवले, त्याच्याकडे येतो. ‘लव्ह इन एक्झाइल’ हा मार्च २०२३ मध्ये आलेला अल्बम लाहोरमध्ये वाढलेल्या गायिका अरूज आफताब, पियानोवादक विजय अय्यर आणि बास व सिंथेसायझर वाजवणारे शाहजाद इस्माइली यांचा आहे. यात तालवाद्य नाही. सहा रचना आहेत आणि त्या मिळून सत्तर मिनिटांच्या आसपास जातात. नाशिकच्या श्रोत्याला ही लांबी आरंभी जड वाटू शकते, आणि त्याचे कारण आमच्या घडणीत आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याच्या उत्तरार्धात या गावात रामनाम आधार आश्रम चालवला आणि त्यांचे पुत्र द. वि. पलुस्कर यांच्या ध्वनिमुद्रिका आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाजत आल्या. गौडसारंगातील ‘पियु पल न लागी’ किंवा तिलककामोदातील ‘कोयलिया बोले’ या तबकड्या जेमतेम तीन मिनिटांच्या आहेत, आणि त्या तीन मिनिटांत राग आपल्या संपूर्ण रूपाने उभा राहतो. एकही स्वर जास्तीचा नसतो. अशा काटकसरीवर वाढलेला कान अय्यर यांच्या पियानोने पाच-सहा मिनिटे केवळ वातावरण धरून ठेवले की अस्वस्थ होतो. मीही झालो. पहिल्या दोन वेळा मी हा अल्बम अर्धवट सोडला.

तिसऱ्यांदा तो रात्री, गंगापूर रोडवरील घरी, दिवे मालवून ऐकला आणि तेव्हा त्यातील कारागिरी उलगडली. इस्माइली बराच काळ दोन-तीन स्वरांवरच थांबतात, पण त्यांचे प्रत्येक येणे वेगळ्या क्षणी असते. ठेका नसल्यामुळे समही, म्हणजे तालाची पहिली मात्राही, ठरलेली नाही, ती तिघे मिळून त्या त्या वेळी ठरवतात. गायिका मोजकेच उर्दू शब्द घेते आणि ते पुन्हा पुन्हा, बोलबनावाच्या ठुमरीत घ्यावेत तसे, निरनिराळ्या भावांनी उच्चारते. ‘सजनी’ या रचनेत एकच संबोधन आधी हाक वाटते, मग आठवण वाटते, शेवटी नुसता निःश्वास उरतो. तिचा आवाज उंच चढत नाही, ताना घेत नाही, आणि दोघे वादक त्याच्या मर्यादेबाहेर जात नाहीत. अल्बम स्टुडिओत तिघांनी एकत्र बसून, फारशी काटछाट न करता मुद्रित केला, हे ऐकतानाच जाणवते. एक उणीव मात्र आहे: सहा रचनांचा रंग फार जवळचा आहे आणि चौथी संपून पाचवी सुरू झाल्याचे कित्येकदा लक्षातही येत नाही. पाचवीच्या सुमारास थोडा प्रकाश यायला हवा होता, अशी माझी तक्रार कायम आहे. ती नसती तर हाच अल्बम सर्वांत वर गेला असता. गाडीच्या खडखडाटात हा ऐकू नये, एवढी विनंती मात्र आवर्जून करतो. त्यातील शांतता तेथे पूर्णपणे वाया जाते.

ज्यांना सत्तर मिनिटे जमणार नाहीत त्यांच्यासाठी याच गायिकेने निर्मितीची बाजू सांभाळलेला एक छोटा अल्बम आहे. अनुष्का शंकर यांचा ‘चॅप्टर वन : फॉरएव्हर, फॉर नाऊ’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, त्यात केवळ चार रचना आहेत आणि जर्मन पियानोवादक निल्स फ्राम यांचा सहभाग आहे. सतारीवरील ‘झाला’, तोडे, द्रुत गत अशा वेगवान प्रकारांची अपेक्षा ठेवून ऐकणाऱ्याला येथे काहीच मिळणार नाही, कारण अनुष्का यांनी ते सारे जाणीवपूर्वक दूर ठेवले आहे. तारेवरून बोट निघताना होणारा बारीक घर्षणाचा आवाजही मुद्रणात राखलेला आहे आणि तो मला संगीताचाच भाग वाटला. ‘डेड्रीमिंग’ ही पहिली रचना तर एखाद्या आईने अंगणात मूल थोपटावे अशा लयीत जाते. ही प्रकरणांच्या मालिकेतील पहिली कडी आहे. पुढील प्रकरणेही आदल्या रात्री उतरवून ठेवीन, आणि या वेळी गाडीऐवजी घरीच, दिवे मालवून ऐकीन.