व्हर्दुन की व्हेर्कोर?

युद्धाच्या खुणा पाहत फ्रान्सच्या ग्रामीण भागात चालायचंय, पण व्हर्दुनचं रान की व्हेर्कोरचं पठार हे ठरत नसेल, तर आधी पाण्याचा विचार करा. व्हेर्कोर चुनखडीचं, पाऊस थेट जमिनीत मुरतो. वर झरे मोजकेच, उन्हाळ्याअखेर तेही आटतात. माणशी तीन लिटर घेऊनच निघा. मेंढ्यांचा कळप दिसला की लांबून वळसा घाला, राखणीचे पांढरे कुत्रे अंगावर येतात.

व्हर्दुनला चढ किरकोळ, त्रास चिखलाचा. पहिल्या महायुद्धात, 1916 साली इथे झालेल्या लढाईतले न फुटलेले तोफगोळे अजून जमिनीत आहेत. आखलेली वाट सोडू नका, गंजलेलं लोखंड उचलू नका. फ्लरी गावाचं एकही घर उरलेलं नाही. खड्ड्याखड्ड्यांच्या जमिनीत कुठे काय होतं, ते सांगणाऱ्या खुणा तेवढ्या रोवल्यात. हे गाव घाईत उरकू नका.

व्हेर्कोरला इतिहास विखुरलेला: दुसऱ्या महायुद्धात, जुलै 1944 मध्ये, इथल्या फ्रेंच प्रतिकारकांवर चालून आलेले जर्मन ग्लायडर (बिनइंजिनाची विमानं) उतरले ते वास्यू गाव, प्रतिकारकांच्या जखमींना लपवलेली ल्युइर गुहा. मधली अंतरं मोठी, बस तुरळक.

एक-दोन दिवस असतील, सोबत मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर व्हर्दुन. तंबू पाठीवर घेऊन तीन-चार दिवस चालायची तयारी असेल तर व्हेर्कोर. मात्र वरच्या राखीव क्षेत्रात शेकोटीला बंदी आहे, स्टोव्ह न्या.