ऑफिसच्या प्रॉक्सीमागून गिट: एचटीटीपीएस की एसएसएच?

ब्राउझरमध्ये रेपो (कोडचा साठा) मस्त उघडतेय पण गिटने क्लोन मारला, म्हणजे त्याची प्रत मशीनवर उतरवायला घेतली, की नुसता टाइमआउट, असं होत असेल तर बहुतेक वेळा तुमचा रिमोट (सर्व्हरवरच्या रेपोचा पत्ता) एसएसएचवाला, म्हणजे पासवर्डऐवजी कीने ओळख पटवणाऱ्या कनेक्शनचा, असतो आणि ऑफिसच्या नेटवर्कने एसएसएचचा पोर्ट २२ बंद केलेला असतो. आता रस्ते दोन.

पहिला एचटीटीपीएस. पोर्ट ४४३, जो सगळीकडे उघडा असतोच, गिटच्या कॉन्फिगमध्ये एचटीटीपी डॉट प्रॉक्सीत ऑफिसच्या प्रॉक्सीचा, म्हणजे ट्रॅफिक ज्यातून बाहेर जातो त्या मधल्या सर्व्हरचा, पत्ता सेट करायचा आणि झालं. फक्त तिथे पासवर्ड लिहू नका, ती साधी टेक्स्ट फाइल आहे, नुसतं युजरनेम दिलं तरी गिट पासवर्ड स्वतःच विचारतं. ही सेटिंग फक्त त्या एका सर्व्हरपुरतीही ठेवता येते, म्हणजे आतल्या सर्व्हरचा ट्रॅफिक उगाच प्रॉक्सीकडे जात नाही. गिटहबवर (रेपो ठेवायची साइट) मात्र १३ ऑगस्ट २०२१ पासून अकाउंटचा पासवर्ड चालत नाही, टोकन (पासवर्डऐवजी चालणारा कोड) बनवावं लागतं, आणि ते एक्स्पायर झालं की परत तेच. ४०७ एरर आली तर अडवणारा प्रॉक्सी आहे, गिटहब नाही, तिथे टोकन बदलत बसू नका.

खरी डोकेदुखी सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हर खरा असल्याच्या पुराव्याची. बऱ्याच कंपन्यांचा प्रॉक्सी एचटीटीपीएस ट्रॅफिक वाटेतच उघडून तपासतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो, गिट ते ओळखत नाही आणि अडून बसतं. मग कोणीतरी सांगतं की एसएसएल व्हेरिफाय फॉल्स कर, म्हणजे ही तपासणीच बंद कर. प्लीज नका करू! मीही एका जुन्या नोकरीत केलं होतं, तेही ग्लोबल, आणि लॅपटॉप घरी, कॅफेत, सगळीकडे तसाच फिरत राहिला, म्हणजे मधला कोणीही गिटहब असल्याचं सांगून टोकन उचलू शकला असता. आयटीकडून कंपनीचं रूट सर्टिफिकेट मागून घ्या आणि एसएसएल सीए इन्फोमध्ये त्याचा पाथ द्या. विंडोजवर तर अजून सोपं, एसएसएल बॅकएंड एसचॅनेल केलं की गिट विंडोजचाच सर्टिफिकेट स्टोअर वापरतं, आणि तिथे ते बहुतेक आधीच टाकलेलं असतं.

दुसरा रस्ता, एसएसएच पण पोर्ट ४४३ वरून. गिटहबसाठी होस्ट एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम, गिटलॅबसाठी ऑल्टएसएसएच डॉट गिटलॅब डॉट कॉम. एसएसएच कॉन्फिगमध्ये होस्टनेम, पोर्ट आणि प्रॉक्सीकमांड अशा ३ ओळी. ती कमांड प्रॉक्सीला कनेक्ट रिक्वेस्ट पाठवते आणि आतून एसएसएच जातं. कनेक्टने थेट २२ वर जायचा हट्ट करू नका, स्क्विड हा प्रॉक्सी डिफॉल्टमध्ये कनेक्ट ४४३ लाच सोडतो, बाकीला सरळ ४०३, म्हणजे नकार. फायदा म्हणजे टोकनची कटकट नाही, एसएसएच की (किल्ली) एकदा टाकली की टाकली. पण वर सांगितलेला, ट्रॅफिक उघडून तपासणारा प्रॉक्सी असेल तर त्याला टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) हवं असतं, एसएसएच दिसलं की बहुतेक कनेक्शन तोडतोच, आणि यावर कॉन्फिगमध्ये उपाय नाही. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या कीचं फिंगरप्रिंट दाखवून विचारेल ते गिटहबने स्वतःच्या पेजवर छापलेल्याशी जुळवा, डोळे मिटून यस नको.

मग घ्यायचं काय? ब्राउझरमध्ये गिटहबचं सर्टिफिकेट उघडा. इश्यूअर म्हणून तुमच्या कंपनीचं नाव दिसलं तर एचटीटीपीएसच, एसएसएचमागे दुपार घालवू नका. खरं सर्टिफिकेट दिसलं आणि दिवसभर पुश-पुल चालू असेल तर मी एसएसएच घेईन, पण आधी आयटीला विचारून, कारण काही ठिकाणी असा टनेल पॉलिसीत बसत नाही.