चेहरा ओळखणारं हजेरी मशीन: कुपवाडच्या शेडमधले नऊ महिने

पाचापैकी साडेतीन. शेवटचा अर्धा मार्क कुठं कापला ते पुढं येईलच.

आमची सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मशिनशॉप आहे. ट्रॅक्टरचे सुटे भाग करतो: बुश, पिना, हौसिंग. तीन व्हीएमसी, चार सीएनसी (ही कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं), हजेरीपटावर तेवीस माणसं. शेडमधलं माझे यजमान बघतात. पगार, पीएफ, ईएसआय, जीएसटी आणि कोण का रुसलंय हे सगळं माझ्याकडं. २०२५ च्या जूनमध्ये हे मशीन घेतलं. जीएसटीसकट साडेअकरा हजार, शिवाय सॉफ्टवेअरचे वर्षाला छत्तीसशे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी मशीनं दिसायला आणि वागायला बहुतेक सारखीच असतात.

आधी अंगठ्याचं मशीन होतं. ते घेऊ नका. मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये हात घालणाऱ्या, दिवसभर लोखंडाच्या कडांची बुर काढणाऱ्या माणसाच्या अंगठ्यावर रेषा राहतात कुठं? निम्मी पोरं सकाळी अंगठा पँटला पुसत उभी असायची. शेवटी मामा, म्हणजे आमचे जुने सुपरवायझर, लाल मस्टर काढून सगळ्यांच्या नावापुढं आठ वाजले असं लिहून मोकळे व्हायचे. आठ वीसला आला तरी आठ, पावणेआठला आला तरी आठ.

त्या मानानं चेहऱ्याचं मशीन बरंच आहे. तेलकट तोंड, चष्मा, कपाळावर भंडारा, काही अडत नाही. सेकंदभरात ओळखतं. फक्त पूर्वेच्या दाराशी लावू नका, सकाळच्या उन्हात आंधळं होतं. आमचं दीड महिन्यात हलवावं लागलं. वीज गेली की बंद पडतं, बॅटरी वेगळी घ्यावी लागते आणि हे विकताना कुणी सांगत नाही. मराठी नावं रिपोर्टात चौकोन-चौकोन होऊन येतात. फोन केला की "अपडेट येणार आहे मॅडम." नऊ महिने येतंय.

आता मुख्य गोष्ट. मशीन बसवायला आलेल्या पोरानं सेटिंग करून दिलं: दहा मिनिटं सवलत, त्यापुढं लेट मार्क, तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापायचा. "सगळीकडं असंच असतं," म्हणाला. मीही मान डोलावली. मामा शेजारीच होते, काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत तेव्हाच कळायला हवं होतं.

जुलैच्या पगारात आमच्या व्हीएमसीच्या सेटरचा, म्हणजे मशीनवर कामाची जुळणी लावून देणाऱ्याचा, अर्धा दिवस गेला. पगार २३,४००, म्हणजे सव्वीस दिवसांनी रोज ९००, अर्ध्या दिवसाचे ४५०. कवलापूरहून यायचा; डेअरीत दूध घालून, पोरीला शाळेत सोडून. तीन दिवस बारा-बारा मिनिटं उशीर. पगाराची चिठ्ठी बघितली, घडी करून खिशात घातली, काही बोलला नाही. पुढच्या सोमवारी आलाच नाही. खाडा असेल म्हटलं. गुरुवारी कळलं, दोन गल्ल्या पलीकडं लागलाय. तेवढ्याच पगारावर.

त्या रात्री पहिल्यांदा मी रिपोर्ट शेवटपर्यंत सरकवून बघितला. उजवीकडं, स्क्रीनच्या बाहेर, पाळी सुटल्यानंतर थांबलेल्या वेळेचा रकाना असतो. त्याच्या नावापुढं जुलैत एकोणीस तास होते. सेटिंग अर्धवट टाकून जायचं नाही म्हणून थांबलेला. पूर्वी असं काही आम्ही दिवाळीच्या पाकिटात "सांभाळून घ्यायचो". कायद्यानं जादा तासाला दुप्पट दर आहे. त्याचा तास ११२ रुपये ५० पैशांचा, दुप्पट २२५, एकोणीस तासांचे ४,२७५. मी त्याचे ४५० कापले होते आणि ४,२७५ देणं होते. दोन्ही आकडे एकाच मशीननं दिले होते, मी एकच वाचला.

फोन केला. चूक झाली म्हटलं, पैसे पाठवले, परत ये म्हटलं. "वहिनी, मशीननं कापलं म्हणून मी गप होतो. पण चिठ्ठीवर सही तुमची होती," म्हणाला. आला नाही. त्याच्या जागी नवा सेटर मिळायला तीन आठवडे गेले आणि पहिल्या लॉटमध्ये हौसिंगचे बासष्ट नग रिजेक्ट झाले. त्या बासष्टांचे पैसे मी या मशीनच्या किमतीत धरते.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. लेट मार्कची कपात बंद केली आणि थांबलेले तास दुप्पट दरानं त्याच महिन्याच्या पगारात द्यायला सुरुवात केली. यजमान म्हणाले, खर्च वाढेल. वाढला. आणि मग ऑगस्ट आला.

१५ ऑगस्टला पंतप्रधानांनी दिवाळीच्या आत जीएसटी कमी करणार म्हणून सांगितलं. ट्रॅक्टर स्वस्त होणार म्हटल्यावर आज कोण घेतो? आमचं शेड्यूल, म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांची मागणी, आठवड्यात निम्म्याखाली. त्यात २७ ऑगस्टला, नेमकं गणेश चतुर्थीच्या दिवशी, अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. आमचं काही तिकडं जात नाही, पण निर्यातीचं काम करणाऱ्या शेजारच्या शेडमध्ये माणसं कमी करायची भाषा सुरू झाली आणि तशी भाषा चहाच्या टपरीवरून आमच्याकडं यायला दहा मिनिटं पुरतात. आमच्यातही बोलणं झालं: चार हेल्परना थांबवायचं का? मी तो बासष्ट नगांचा कागद पुढं ठेवला. थांबवलं नाही कुणाला. एकच पाळी चालवली, ज्यांची रजा शिल्लक होती त्यांना भरपगारी गणपतीला पाठवलं, उरलेल्यांकडून मशिनींची सफाई करून घेतली, शेड रंगवून घेतलं. ७ सप्टेंबरला रविवार होता, पगार ६ लाच केला.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेला, ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला. त्याच आठवड्यात शेड्यूल जुन्या आकड्याच्याही वर गेलं. ज्यांनी माणसं सोडली होती ते संध्याकाळी आमच्या गेटसमोर गाडी लावून ऑपरेटरांशी "सहज" बोलत होते. ऑपरेटर एकही गेला नाही. हेल्पर दोन गेले, पण ते द्राक्षाच्या फळछाटणीच्या टोळीत. तिथली मजुरी ऐकल्यावर मी अडवलंही नाही.

त्यांच्या जागी दोन आणि वाढीव कामाला आणखी दोन, अशी चार पोरं आयटीआयची घेतली. हल्ली नव्या पोराचा पीएफचा नंबर काढायचा तर तोही उमंग ॲपवर चेहरा दाखवून. पहिल्याच दिवशी दोनदा चेहरा दिल्यावर त्यातलं एक पोरगं म्हणालं, "मॅडम, काम कधी दाखवणार?" केंद्राच्या रोजगार योजनेत पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला सहा महिने टिकल्यावर पहिला हप्ता मिळतो आणि आमच्याएवढ्या कारखान्यानं किमान दोन माणसं वाढवली तर मालकालाही दरमहा काही रक्कम आहे. हे मी त्यांना पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं. एकजण तरीही दोन महिन्यांत चाकणला गेला. तीन हजार जास्त मिळतात म्हणाला. खोलीभाड्याचा हिशेब मी करून दाखवला होता, पण एकोणिसाव्या वर्षी पुणं पुणं असतं. बाकीचे तीन आहेत.

अर्धा मार्क का कापला ते राहिलं. जानेवारीत आमच्या एका ऑपरेटरचे वडील गेले. चौदाव्या दिवशी कामावर आला तो मुंडण केलेला, मिशी काढलेली, चेहरा उतरलेला. मशीनपुढं उभा राहिला. "प्लीज ट्राय अगेन." टोपी काढली. "प्लीज ट्राय अगेन." मागं आठ-दहा पोरं, कुणी बोलेना. चौथ्यांदा ते बाईचं गोड बोलणं ऐकल्यावर मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आत नेलं, आणि कपाटावरचं लाल मस्टर झटकून त्यात आठ वाजले असं लिहिलं. तेव्हा आठ पंचवीस झाले होते. तो चेहरा मी दुपारी नव्यानं नोंदवला. मशीनच्या पुस्तिकेत याबद्दल अक्षर नाही, आणि ज्या गावात हे मशीन विकायचं तिथं माणसं सुतक पाळतात एवढं विकणाऱ्याला ठाऊक असायला काय हरकत आहे? त्या दिवसापासून मस्टर मशीनखालीच खिळ्याला टांगलंय, पेन बांधून.

घ्यावं का? दहाच्या आत माणसं असतील तर नको, वही पुरते. वीसच्या वर असतील तर घ्या, पण सेटिंग विकणाऱ्याच्या पोराकडून करून घेऊ नका. तुमच्याकडं मामांसारखं कुणी असेल त्यांना शेजारी खुर्ची देऊन बसवा. आणि रिपोर्ट उजवीकडं शेवटपर्यंत सरकवत जा.

सॉफ्टवेअरचे पैसे जूनमध्ये पुन्हा भरायचेत. भरणार आहे. लेट मार्कचा रकाना काढून टाकता येतो का विचारलं, तर या पॅकेजमध्ये तशी सोय नाही म्हणे. म्हणून दर महिन्याला एक्सेलमध्ये तो मी हातानं लपवते.