वास परत आणतो म्हणाला, 19,700 रुपये घेऊन गेला

वास गेलेल्या लोकांना गाठणारी एक टोळी सोलापुरात फिरतेय. मोफत तपासणीचं शिबिर, मग 'नस मोकळी करायचा कोर्स'. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. नोंदणीचे 500, तेलाच्या बाटल्यांचे 6,800 आणि 'दुसऱ्या टप्प्याचे' 12,400. पावती एकाचीही नाही.

मी घरी शेंगाचटणी करून दुकानांना देते. तापानंतर वास गेला, तसं दाणे खरपूस झाले की करपले, हे कढईपाशी उभं राहूनही कळेना. जिभेला मीठ लागायचं, तिखट झोंबायचं. लसूण-जिऱ्याचा पत्ताच नाही. दुकानदारानं करपट माल परत पाठवला. गॅस गळला तरी कळणार नाही, ही धास्ती वेगळीच. अशा बाईला कुणी 'महिन्यात गुण' म्हटलं तर ती जाणारच. मला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी असं जगून बघावं.

शिबिरातल्या माणसानं बाटली उघडून माझ्या नाकाखाली धरली. झण्णकन झालं, डोळ्यांतून पाणी आलं. "बघा अक्का, नस जागी झाली!" मी पिशवीतून चटणीचा डबा काढला, म्हटलं, हे हुंगून बघते. त्यानं माझ्या हातातल्या डब्याचं झाकण दाबून बंद केलं. "आज दुसरा वास नको, गुण उतरेल." तिथंच उठायला हवं होतं! खरं औषध चटणीच्या वासाला कशाला घाबरेल? आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

नंतर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कापूर, मेंथॉल, अमोनिया यांची झणझण वासाच्या नसेनं नाही, चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेनं कळते. वास पार गेलेल्यालाही ती कळते. कोविडनंतर बहुतेकांचा वास हळूहळू आपोआप येतो, आणि त्याचं श्रेय हे भामटे लाटतात! डॉक्टरांनी दिलेला उपाय साधा: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक करून हुंगायचं, तो वास आठवत, निदान 12 आठवडे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी 2009 साली ही पद्धत मांडली. खात्रीनं गुण येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत, त्यावरूनच माणूस खरा वाटला.

पोलीस ठाण्यात गेले तर, "ताई, पैसे तुम्ही स्वतःच दिलेत ना?" सायबरवाले म्हणाले, माणूस समोर बसला होता, मग हे सायबर कसं? अहो, 12,400 त्याच्या क्यूआर कोडवरच गेलेत! तिसऱ्या कार्यालयात बाटलीवर बॅच नंबर नाही म्हणून अर्जच घेईनात. नंबर असता तर मी तक्रारीला आले असते का? कधी साहेब मीटिंगला, कधी बंदोबस्ताला. औषधांच्या खोट्या जाहिरातींवर 1954 पासून बंदीचा कायदा आहे. या शिबिराचा फ्लेक्स भर चौकात लागला होता, साहेब लोक त्याच रस्त्यानं जात होते, तेव्हा तो कुणाला दिसला नाही?

घटक लिहिलेले नसतील तर नाकात थेंबही घालू नका. नाकात घालायच्या झिंकच्या औषधांनी वास जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2009 मध्येच दिला होता. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. हे मला ठाण्यातही कुणी सांगितलं नाही. पावती मागा, नाही म्हणाला तर उठा.

तसाच फ्लेक्स आता बार्शीकडं लागल्याचं कानावर आलंय. दिसला तर त्याचा आणि त्यांच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढून मला पाठवा. एक न फोडलेली बाटली माझ्याकडं आहे, तक्रार मी सोडलेली नाही.