‘५० टक्के, एकदम लीगल’ म्हणणाऱ्या फिल्मवाल्यांपासून सावध राहा

१५,९३० रुपये. त्यात १३,५०० गाडीच्या काचांवर ऊन अडवायला लावतात त्या, ‘नॅनो सिरॅमिक’ म्हणून गळ्यात मारलेल्या फिल्मचे आणि २,४३० जीएसटीचे. वर ५०० रुपयांचं ई-चलन, फिल्म काढायला २,८००, मागच्या काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या तुटलेल्या रेघा जोडायला १,२००. सगळे मिळून २०,४३० रुपये गेले. त्या बदल्यात मिळालं काय? पहिल्याच उन्हाळ्यात जांभळट पडलेली, कडांना सुटलेली रंगीत पन्नी, आणि चकचकीत वॉरंटी कार्ड. त्या कार्डावरचा रोल नंबर कंपनीच्या नोंदीत दुसऱ्याच गाडीच्या नावावर निघाला.

‘स्वस्तात गेलात, म्हणून फसलात’ असं कुणी म्हणू नये. भाव बाजारातल्या चांगल्या फिल्मचाच होता. बिल मागितलं, मिळालं. कार्ड मागितलं, मिळालं. कायद्याचंही विचारलं. दुकानदाराने नियम तोंडपाठ म्हणून दाखवला: समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, बाजूच्या काचांतून ५० टक्के. नियम खरा आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १००वा. एवढं पाठ असलेल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?

आणि इथेच त्याला पकडायला हवं होतं. मागच्या काचेला ७० लागतात हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि पुढच्याच वाक्याला म्हणाला, “बाजूच्या चार आणि मागची, पाचही काचांना ५० ची लावू, एकदम लीगल.” मग खिशातून आरपार जाणारा प्रकाश मोजणारा व्हीएलटी मीटर काढला, नमुन्याची फिल्म त्यात धरली, आकडा आला ५०. समोर आकडा दिसला की माणूस मान डोलावतो. पण मीटरमध्ये फक्त फिल्म होती, काच नव्हती! नियमातला आकडा काच आणि फिल्म मिळून आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा आहे, सुट्या फिल्मचा नाही. गाडीच्या काचा कारखान्यातूनच हिरवट येतात, कोरी काचच प्रकाश थोडा अडवते. या गाडीची बाजूची कोरी काच नंतर मोजली तेव्हा ७६ आली. ७६ चे ५० टक्के म्हणजे ३८. म्हणजे त्याने दाखवलेली फिल्म प्रामाणिकपणे लावली असती तरी गाडी बेकायदाच ठरली असती.

प्रत्यक्षात फिल्म लावलेली काच ३३ भरली. म्हणजे नमुना एक दाखवला आणि चिकटवली दुसरीच, त्याहून काळी आणि भिकार.

हे गणित पाठ करून ठेवा. कोऱ्या काचेचा आकडा गुणिले फिल्मचा आकडा, भागिले १००. ७६ च्या काचेवर ७० ची फिल्म लावली तर ५३ येतात. बाजूच्या काचांना चालते. मागची काचही ७६ ची असेल तर ९२ टक्क्यांची, जवळजवळ पारदर्शक फिल्म लावूनसुद्धा ६९.९ च येतात, म्हणजे नापास. तेव्हा ‘मागची पण काळी करून देतो, काही होत नाही’ म्हणणारा माणूस दुकानात भेटला की तिथूनच परत फिरा. पैसे देण्याआधी काच अर्धी खाली घेऊन मीटर काचेच्या कडेवर लावायला सांगा, आधी कोरी आणि नंतर तिच्यावर फिल्म धरून. दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याला गाडीची चावी देऊ नका.

दुसरी धूळफेक उष्णतेच्या दिव्याची. लाल बल्ब, पुढे फिल्म लावलेला काचेचा तुकडा, त्यामागे तुमचा हात. ‘९७ टक्के हीट अडते साहेब!’ हात गार लागतो हे खरंच, कारण तो दिवा जवळपास सगळी ऊर्जा अवरक्त किरणांतच फेकतो. उन्हाचं तसं नाही. उन्हातली साधारण ४४ टक्के ऊर्जा दृश्य प्रकाशात असते. फिल्म ७० टक्के प्रकाश आत सोडत असेल तर नुसत्या प्रकाशासोबतच ३० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आत येणार, म्हणून उन्हाची ९७ टक्के उष्णता अडणं शक्यच नाही. तो आकडा बहुतेक वेळा एकाच तरंगलांबीवर, ९४० किंवा ९५० नॅनोमीटरवर मोजलेला असतो. विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते तो. ७० टक्क्यांच्या फिल्मला तो ५० च्या आसपास मिळाला तरी फिल्म उत्तम समजावी. शिवाय दिव्यापुढे हात दहा सेकंद असतो. ऊर्जा शोषून घेणारी फिल्म पाच-दहा मिनिटांत स्वतःच तापते आणि तीच उष्णता आत फेकते, ते दुकानात कळतच नाही. ‘९९ टक्के यूव्ही’, म्हणजे अतिनील किरण अडतात, यालाही भुलू नका, तेवढं साधारण बऱ्या फिल्मलाही जमतं.

प्रकार थोडक्यात: नुसत्या रंगाची फिल्म सगळ्यात हलकी, तिचा रंग उन्हाने मरतो आणि ती जांभळी पडते. धातूचा थर असलेली उष्णता बरी अडवते, पण समोरच्या काचेवर लावली तर फास्टॅग वाचला जाण्यात आणि जीपीएसमध्ये अडथळा येऊ शकतो. कार्बन जांभळी पडत नाही. सिरॅमिक सगळ्यात महाग, आणि म्हणूनच खोटी सगळ्यात जास्त तिचीच विकली जाते. जांभळी पडली म्हणजे ती सिरॅमिक नव्हतीच, याला दुसरा पुरावा लागत नाही.

रोलचं काय झालं तेही सांगतो. काउंटरवर कंपनीचा खोका होता, होलोग्रामसकट. पण फिल्म आतल्या खोलीतून कापलेल्या तुकड्यांत आली. ‘प्लॉटरवर कापतो, साचा तयार असतो.’ हे पटलं, कारण चांगली दुकानंही प्लॉटरवर, म्हणजे साच्यानुसार फिल्म कापणाऱ्या यंत्रावर कापतात आणि तीच पद्धत चांगली. काचेवर ब्लेड फिरवावं लागत नाही. पण प्लॉटरलाही रोलच लागतो. तो रोल तुमच्यासमोर उलगडायला लावा. फिल्मच्या मागच्या पारदर्शक कागदावर कंपनीचं नाव छापलेलं आहे का बघा, रोल नंबरचा फोटो घ्या आणि दुकानात उभं राहूनच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा: हे दुकान तुमचं अधिकृत आहे का, आणि ई-वॉरंटी गाडीच्या नंबरावर आज नोंदवली जाईल का. घरी आल्यावर विचारून उपयोग नाही. आमच्या बाबतीत कंपनीने एका ओळीत कळवलं की दुकान आमचं नाही. विषय संपला त्यांच्यापुरता.

फिटिंगमध्येही चोरी दिसते. पाच काचांना नीट काम करायचं तर तीन-चार तास लागतात. इथे तासाभरात चावी हातात. काच धुऊन, खरवडून, रबराच्या बीडिंगमधली धूळ काढल्याशिवाय फिल्म लावली की आत खडे राहतात, पुसून जात नाहीत. फिल्म खालच्या बीडिंगच्या आत उतरली पाहिजे आणि वरची कड काचेच्या कडेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर आत संपली पाहिजे. काठोकाठ लावली तर काच वरखाली होताना सोलली जाते. मागची काच गोलाईची असते. तिथे फिल्म बाहेरून हीट गनने आकसवून एका तुकड्यात बसवतात. ज्याला ते जमत नाही तो पट्ट्या जोडतो आणि जास्तीचा भाग काचेवरच ब्लेडने कापतो. डिफॉगरच्या रेघा काचेच्या आतल्या बाजूलाच असतात. ब्लेड फिरलं की रेघ तुटली. इथे तीन तुटल्या, आणि पावसाळ्यात मागची काच धुक्याने भरायला लागली तेव्हा त्या कळल्या. गाडी ताब्यात घेण्याआधी डिफॉगर चालू करून बघा. दरवाजांवर आणि डॅशबोर्डवर टॉवेल नसतील तर साबणाचं पाणी काचेच्या स्विचमध्ये आणि स्पीकरमध्ये उतरतं, तेही बघा. पहिले काही दिवस दिसणारे पाण्याचे धूसर पट्टे मात्र दोष नाहीत, ते वाळतात. पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. तेवढे दिवस काचा खाली घेऊ नका.

आता बिल. १८ टक्के कर लावलेलं, वर १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर, सुरुवात महाराष्ट्राच्या २७ ने. नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. ज्याची नोंदणी नाही त्याला कर वसूल करण्याचा अधिकारच नाही, तरी २,४३० रुपये घेतले. ५,००० यूपीआयने घेतले तेही दुकानाच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यात. उरलेले १०,९३० रोख. पैसे देण्याआधी तो नंबर पोर्टलवर टाका, एक मिनिटाचं काम आहे.

यानंतर ज्यांनी मदत करायची ते कसे वागले, त्याचा संताप चोरीपेक्षा मोठा आहे. वाहतूक पोलिसाकडे मीटर नव्हता. डोळ्यांनी बघितलं, फोटो काढला, ५०० चं चलन. काच किती टक्के आहे हे न मोजता ती बेकायदा आहे हे कळतं कसं? विचारलं तर म्हणाले, २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, कुठलीच फिल्म चालत नाही. २७ एप्रिल २०१२ चा तो निकाल खरा आहे. पण नियम १०० नंतर बदलला, १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेली काचही, त्यात आलं, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला दंड करता येणार नाही असं सांगितलं. महाराष्ट्रातल्या रस्त्यावर मात्र मोजमाप करायला यंत्र नाही आणि कुठला नियम लागू ते सांगायला माणूस नाही. आमची काच ३३ होती, दंड बरोबरच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याने ती तशी करून दिली, जो रोज डझनाने गाड्या काळ्या करतो, त्याच्या दुकानासमोर कधी पोलिसांची गाडी उभी राहत नाही. चौकात गिऱ्हाईक पकडायचं, दुकानदाराला हात लावायचा नाही!

आरटीओत सांगितलं, दुकानं आमच्या अखत्यारीत येत नाहीत. कर कार्यालयात रक्कम ऐकून अर्ज बाजूला सरकवला. पोलीस ठाण्यात तर ऐकूनही घेतलं नाही. “हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.” बनावट वॉरंटी कार्ड, रद्द झालेल्या नंबरावर कर, नमुना एक माल दुसरा, आणि हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीसाठी आहे ना? अर्ज ठेवून घेतला आणि पोच द्यायला नकार दिला. अशा वेळी तोच अर्ज स्पीड पोस्टने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ती वाट आहे. टपालाची पावती हीच पोच. ठाण्यातल्या टेबलाशी वाद घालत बसू नका.

१९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, पण तिला आदेश देण्याचा अधिकार नाही. ती तक्रार पुढे कळवते, आणि गल्लीतला दुकानदार उत्तर देत नाही. तरी नोंद करा, तक्रार क्रमांक पुढे कामी येतो.

खरी जागा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लागत नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही. मुदत दोन वर्षांची. फिल्म काढून टाकण्याआधी दुसऱ्या फिटरकडून फिल्मसकट काचेचं मोजमाप त्याच्या लेटरहेडवर घ्या. काढलेल्या फिल्मचा हातभर तुकडा मागून घ्या, कोरी काच पुन्हा मोजून तोही आकडा त्याच कागदावर लिहून घ्या. काढणाऱ्याला मागच्या काचेवर ब्लेड लावू देऊ नका, वाफेने सोलायला सांगा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, नोंदणी रद्द दाखवणारं पोर्टलचं पान, कंपनीचं ‘दुकान आमचं नाही’ हे उत्तर, सगळं तारखेसह छापून जोडा. दुकानाचा फलक आणि यूपीआयच्या कोडचा फोटो आजच काढून ठेवा. आमच्याकडे कागद तयार झाले तेव्हा त्या दुकानावर दुसऱ्याच नावाचा फलक लागलेला होता.