शक्तिमानचे ब्रेक दोन लाइनचे केले: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

परतवाड्याच्या बाजूला डिस्पोजलची, म्हणजे लष्करानं काढून टाकलेली, शक्तिमान ट्रक बाळगणारे अजून बरेच आहेत. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनणारी ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे त्यातली सगळ्यात तरणी म्हणाल तीही आता तिशीला टेकली. घेणारा इंजिन बघतो, चासी ठोकून बघतो, पुढचा एक्सल लागतो की नाही ते बघतो. ब्रेकचं विचारत नाही, कारण मोकळी गाडी सपाटीवर कशीही थांबते.

माझी गाडी मेळघाटात चालते. शेततळी, छोटे बंधारे अशी कामं घेतो, त्यामुळं मागे कधी तीन हजार लिटरची टाकी, तर कधी मिक्सर आणि सिमेंट. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह करत हरिसालपर्यंत जाणं-येणं. चढताना गाडी कुठंच कमी पडत नाही. प्रश्न उतरायचा आहे.

गाडी हाती आली तेव्हा ब्रेक होता हवेच्या जोरावर चालणारा तेलाचा. पेडल दाबलं की हवा बूस्टरमध्ये जाते, बूस्टर मास्टर सिलिंडर दाबतो आणि तिथून चारही चाकांना तेल जातं. तेलाची लाइन मात्र एकच. कुठल्याही एका चाकाचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. हवेच्या टाकीत हवा गच्च भरलेली असून उपयोग शून्य.

ज्याला विचारावं तो म्हणे, तेल काढून ब्रेक फुल एअर, म्हणजे नुसत्या हवेवर, करून टाका, लेलँडचा मागचा एक्सल बसवा. ऐकायला सोपं आहे. पण फोर-बाय-फोर गाडीत मागच्या डिफरन्शियलचा रेशो पुढच्याशी जुळला नाही, तर पुढचा एक्सल जोडल्याबरोबर ट्रान्स्फर केसची, म्हणजे दोन्ही एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीची, वाट लागते. म्हणजे दोन्ही एक्सल बदला. मग ती शक्तिमान राहिली कुठं? मी मूळ ब्रेक ठेवूनच लाइन दोन केल्या. पुढच्या चाकांना एक बूस्टर, मागच्यांना दुसरा, वर पेडलखाली दोन कप्प्यांचा फूट व्हॉल्व्ह, आणि हवेच्या टाक्याही वेगळ्या, प्रत्येकीला हवा उलटी न जाऊ देणारा आपला चेक व्हॉल्व्ह. काम काढण्याआधी आरटीओत इन्स्पेक्टर साहेबांना विचारून घेतलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आडवं येऊ शकतं, म्हणून गाडी उघडण्याआधी विचारलेलं बरं.

आता खरं सांगायचं तर, पेडलमध्ये जो फरक पडला तो दोन लाइनमुळं नाही. दोन लाइन हा विमा आहे, रोज जाणवत नाही. फरक पडला होजमुळं आणि ड्रममुळं, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ज्या भांड्याला आतून ब्रेक घासतो त्यामुळं.

मागचं उजवं चाक नेहमी तापायचं. पाण्याचा शिंतोडा मारला की चर्र आवाज. मिस्त्रींनी ड्रमला आतून दाबणारे शू बघितले, स्प्रिंगा बदलल्या, तरी तेच. मग चाक जॅकवर घेऊन ब्रेक दाबून सोडला, तर चाक हातानं फिरेना. त्यांनी होजच्या वरच्या अंगाचा नट ढिला केला, तरी जाम. चाकावरचा हवा काढायचा निपल उघडला, तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं! म्हणजे तेल जात होतं, परत येत नव्हतं. तो होज आम्ही उभा चिरला. बाहेरून टकाटक, आतलं रबर मात्र फुगून पोकळीत सुतळी जाईल एवढीही जागा उरली नव्हती. त्याच दिवशी सगळे होज बदलले. जुन्या गाडीत बाहेरून चांगला दिसतो म्हणून होज ठेवायचा नाही, हे माझं ठाम मत आहे.

ड्रम लेथवर चढवले तेव्हा दोन अंडाकृती निघाले. ड्रम कापायला मर्यादा असते, त्यापुढं गेलेला ड्रम भंगारातच. आणि कापून ड्रम मोठा झाला की शूवरचा नवा लायनर, म्हणजे घासणारा पट्टा, त्याच्या गोलाईला घासून घ्यावाच लागतो. नाहीतर लायनर फक्त मधोमध टेकतो आणि मालक म्हणतो, नवे लायनर टाकूनही गाडी थांबत नाही बाप्पा. जुने लायनर ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्यांची धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, ओल्या फडक्यानं काढा. आमच्याकडं गॅरेजमधली पोरं सर्रास हवा मारतात.

सिलिंडरमधल्या रबरांच्या किटनं डोकं खाल्लं. नागपूरच्या एका दुकानातून आणलेला किट महिनाभरात फुगला, व्हील सिलिंडरचे पिस्टन अडकले. दुकानदार म्हणे तुमचं तेल खराब. सीलबंद डब्यातलं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल होतं. दुसरीकडून आणलेला किट त्याच तेलात आजपर्यंत नीट आहे, काय समजायचं ते समजा. एक मात्र खरं की ह्या रबराला डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं तरी ते फुगतं. सिलिंडर धुवायचा तो ब्रेक ऑइलनंच.

डॉट ३ सोडून डॉट ४ का, तर घाटामुळं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. पण दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात आणि मग हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. तेल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. माझ्या गाडीतून निघालेलं तेल कोऱ्या चहासारखं होतं. आता पावसाळा संपला की तेल बदलायचं असं ठरवलं आहे.

तेलाच्या लाइनमध्ये अडकलेली हवा काढताना चिडचिड झाली तेवढी कशातच झाली नाही. आधी बूस्टरचा निपल, मग सगळ्यात लांबचं चाक, असं करत जवळ यायचं. आमचा ड्रायव्हर सारखा पंप मारायचा आणि गाडीखालून मिस्त्री ओरडायचे, "भाऊ, दाबून धरा ना, सोडू नोका!"

उन्हाळ्यात भरली टाकी घेऊन घटांगहून उतरताना पेडल शेवटपर्यंत एका उंचीवर राहिलं. त्यात इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचाही वाटा आहे. खालच्या गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरत असताना तो चांगला धरतो. वरच्या गिअरमध्ये नुसता आवाज. कच्च्या उतारावर पुढचा एक्सल जोडला की इंजिनाचा रोध चारही चाकांना मिळतो, डांबरावर मात्र जोडायचा नाही. टाकी अर्धी असेल तर पाणी पुढं धडकतं आणि थांबलेली गाडी पुन्हा ढकलते. आत आडव्या जाळ्या टाकल्यावरच ते कमी झालं.

पावसाळ्यात दोन गोष्टी नडल्या. रपटा ओलांडला की ड्रममध्ये पाणी, पहिले एक-दोन ब्रेक रिकामे. पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवलं की ठीक. दुसरं, हवेच्या टाक्यांत रोज पाणी जमतं. संध्याकाळी ड्रेन उघडला नाही तर ते पुढं व्हॉल्व्हपर्यंत जातं.

हँडब्रेक अजून जुनाच आहे आणि उतारावर मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, चाकामागं दगड लागतोच. होज आणायला जाल तर जुना सोबत न्या. माझ्या गाडीचे आटे मेट्रिक निघाले. इंची आट्याचा नट त्यावर दोन फेरे फिरतो, घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला तेल सोडतो.