एकच उबवणी पेटी की वेगळा हॅचर?

घरी उबवणी यंत्र बनवायला घेणारे लोक आधी बल्ब की हीटर, थर्मोकोल की प्लायवूड यावर बराच खल करतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा: कोंबडीची अंडी बसवल्यापासून पिल्ले बाहेर येईपर्यंतचे सारे काम एकाच पेटीत करायचे, की शेवटच्या तीन दिवसांसाठी वेगळा हॅचर, म्हणजे फक्त पिल्ले निघण्यासाठीची दुसरी पेटी, बांधायचा? दोन्ही पद्धती मी वापरल्या आहेत आणि दोन्हींतून चांगली पिल्ले निघतात, हे आधीच सांगतो.

एका पेटीचे फायदे उघड आहेत. एक थर्मोस्टॅट, एक पंखा, विजेचा एकच भार, आणि भरलेल्या पेटीतली अंडी स्वतःच उष्णता धरून ठेवत असल्यामुळे तापमान सहसा हेलकावत नाही. सगळी अंडी एकाच दिवशी बसवायची, १८व्या दिवशी फिरवणे थांबवून ती जाळीवर आडवी ठेवायची, पाण्याचे पसरट भांडे वाढवायचे आणि पिल्ले निघून गेल्यावर पेटी स्वच्छ धुवायची, असा ज्यांचा क्रम आहे त्यांना हॅचरची गरज बहुधा भासणार नाही.

मात्र घरच्या कोंबड्यांची अंडी अशी एकदम मिळत नाहीत. ती रोज थोडी थोडी जमतात, आणि आठवड्याहून अधिक काळ साठवली तर त्यांची उबवणक्षमता घटू लागते. म्हणून दर आठवड्याला नवी बॅच आत जाते आणि पेटी कधीच रिकामी होत नाही. इथे आर्द्रतेचा पेच सुरू होतो. पहिल्या १८ दिवसांत साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता पुरते, कारण त्या काळात अंड्याचे वजन पाणी उडून घटायला हवे आणि हवेची पोकळी वाढायला हवी. कवच फुटताना मात्र ६५ ते ७५ टक्के लागते, नाहीतर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. मधला आकडा धरून अनेकजण निभावतात आणि तो अगदीच चुकीचा आहे, असे मी म्हणणार नाही.

माझा निर्णय झाला तो आर्द्रतेमुळे नव्हे, तर लवेमुळे. पिल्ले सुकू लागली की त्यांच्या अंगावरची बारीक लव पेटीभर उडते. पंख्याच्या पात्यांवर तिचा थर बसतो, पाण्याच्या भांड्यावर साय धरते आणि, सर्वांत त्रासदायक म्हणजे, थर्मोस्टॅटच्या सेन्सरला ती गुंडाळून बसते. असा झाकलेला सेन्सर तापमानातला बदल उशिरा टिपतो, त्यामुळे हीटर उशिरा बंद होतो आणि उशिरा चालू होतो. त्यात कवचांचे तुकडे, ओले पापुद्रे आणि पहिली विष्ठा यांची भर पडते. ३७.५ अंश सेल्सिअसची दमट ऊब जीवाणूंनाही तितकीच मानवते, आणि कवच सच्छिद्र असल्याने शेजारची न उबलेली अंडी त्या घाणीपासून सुरक्षित नसतात. पेटी धुवावी म्हटले तर आत पुढच्या दोन बॅचेस बसलेल्या असतात. त्या बाहेर काढल्याशिवाय धुता येत नाही आणि काढल्या तर थंड पडतात. प्रत्येक वेळी पिल्ले निघाली की ओल्या फडक्याने कोपरे पुसत राहणे मला असह्य झाले.

हॅचर आल्यावर ही घाण मुख्य पेटीबाहेर राहिली. मोजमाप मांडून दाखवता येणार नाही, परंतु मुख्य पेटीला कुजका वास येणे थांबले आणि सडलेली अंडी कमी झाली, एवढे माझ्या अनुभवावरून सांगू शकतो. शिवाय हॅचरला फिरवण्याची यंत्रणा लागत नाही. खाली पाय न घसरणारी जाळी, लहान पंखा, हवेसाठी जरा मोठी छिद्रे आणि रुंद तोंडाचे पाण्याचे भांडे एवढे पुरते. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर नव्हे, तर पृष्ठभागावर ठरते. तयार पिल्ले स्वतःची उष्णता सोडतात, म्हणून मी तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवतो.

तोटेही आहेत. दोन पेट्यांवर लक्ष ठेवावे लागते, वीज गेली की दोन्हींची चिंता असते, आणि लहान पेटीत तापमान पटकन चढते-उतरते. त्यावर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या आत ठेवणे हा साधा उपाय आहे. दोन थर्मोस्टॅट क्वचितच सारखे दाखवतात, तेव्हा एकच विश्वासू थर्मामीटर आळीपाळीने दोन्हींत ठेवून फरक जाणून घ्यावा.

वर्षातून एखाददुसरी बॅच काढणाऱ्याने एका पेटीवर समाधान मानावे. सतत अंडी बसवणाऱ्याला मी हॅचरच सुचवेन. तो एका आठवड्याच्या अंड्यांपुरता असला तरी चालेल, पण थर्मोकोलचा करू नये, कारण त्याच्या फटींत घाण मुरते आणि निघत नाही. धुता येईल असा प्लास्टिकचा डबा बाहेरून उष्णतारोधक थराने मढवला, तर पुढच्या बॅचआधी तो नीट धुऊन, जंतुनाशक लावून उन्हात वाळवता येतो.